ताईचा सिनेमा आणि माझा कंदील

३ मार्च
थोरल्या ताईवरचा सिनेमा पाहिला. डोकंच फिरलं! ताई खाडी पोहून गेली त्या रात्री पुढच्या होडीत कंदील धरून तिला दिशा दाखवणारा मी. चाळीस वर्षं घरोघर सांगतोय. (नावाडी होता, पण तो नुसता वल्हवत होता.) सिनेमात मी कुठेच नाही. होडीत कुणी एक जाड्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओकतोय!

४ मार्च, सकाळ
चुका टिपायला बसलो. तीच लाट तीनदा. खाडी कसली, टाकी आहे, कडेची फरशी दिसते. कोचची मिशी पाण्यात सुटते, पुढच्या शॉटला परत हजर. दिग्दर्शकाला खरमरीत मेल टाकणार. आजच.

५ मार्च
मेल उद्या. रागात भाषा नेमकी येत नाही. बायको म्हणाली, त्या जाड्याची बसायची ढब ओळखीची वाटते. दुर्लक्ष केलं.

७ मार्च
पुन्हा थिएटरला. निव्वळ पुराव्यासाठी. जाड्याच्या हातून कंदील पाण्यात पडतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात. काय ही अभिरुची! बाहेर पडताना तिकीटवाला माझ्याकडे बघून हसला. का, कोण जाणे.

९ मार्च
मेल गेला. माफी मागा, सीन बदला. आता माघार नाही.

१० मार्च
उत्तर आलं. होडीचा सीन ताईंनी स्वतः सांगितला, म्हणे. सख्खी बहीण घरभेदी! उद्या तोंडावर जाब विचारणार. आवाज चढला तर चढला.

११ मार्च
आवाज चढला नाही. ताईने आधी पाणी दिलं. मग म्हणाली, कंदील पडलाच होता की रे. मी म्हटलं, लाट आली होती. ती म्हणाली, असेल. पण धुक्यात मला स्वतःचा हात दिसेना. रडू फुटलं होतं, परत फिरणार होते. तेवढ्यात तुझं ओकणं ऐकू आलं, होडी कुठे आहे ते कळलं. त्या आवाजामागे पोहत राहिले. पोटात काही उरलं नव्हतं तरी थांबला नाहीस, वेड्या. असं म्हणून तिने डोक्यावरून हात फिरवला. मी उरलेलं पाणी पिऊन घरी आलो.

११ मार्च, संध्याकाळ
म्हणजे दिशा मीच दाखवली! चाळीस वर्षं दुसरं काय सांगतोय?
दिग्दर्शकाला दुसरा मेल टाकला. सीन राहू द्या. पण त्याच्यावर घातलेली ती व्हायोलिनं ताबडतोब काढा. माझं ओकणं नीट ऐकू येत नाही.