सार्जंटाचं टोपडं

मु. मळा, जि. अमरावती

तीर्थस्वरूप किसनमामांना देवीदासचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांनी अकोल्याच्या उन्हाशी जुळवून घेतलं असेल अशी आशा. (मामी म्हणाल्या, हल्ली तुम्ही चालता कमी आणि चिडता जास्त. म्हणजे तब्येत ठीक आहे.) आईचीही प्रकृती उत्तम, पण चार दिवस झाले, ती कोणाशी धड बोलत नाही. त्याचं असं झालं.

गावाबाहेरच्या फौजी कबरस्तानात, जिथे आजोबा इंग्रजांच्या काळी माळी होते, सध्या साफसफाई चालू आहे. तुमच्या आधीचा भाऊ बापू आठ महिन्यांचा होऊन गेला, तेव्हा आजोबांनी साहेबाला विचारून त्याला तिथेच पुरला, कारण तान्ह्या लेकराला आपल्यात अग्नी देत नाहीत. सहा वर्षांच्या आईनं ते लांबून पाहिलं आणि सगळ्यांत लहान दगड तो बापूचा, असं ठरवून टाकलं. (आईनं ठरवलेलं बदलायची सोय कुठल्याच कायद्यात नाही.) तेव्हापासून दर अक्षयतृतीयेला आपलं खटलं घागर, शिरा आणि नवं टोपडं घेऊन त्या दगडाशी जातं.

यंदा माझ्या प्रणालीनं हौसेनं दगड घासायला घेतला. भोवतालची माती उकरली तर तो चांगला हातभर वर निघाला, आणि त्यावर इंग्रजी अक्षरं. सार्जंट, वय तेवीस, तापानं वारला. मामा, जवळपास ऐंशी वर्षं आपण एका गोऱ्या फौजीला टोपडं घालत होतो! मी तर मागच्या वर्षी त्याच्यापुढे खुळखुळा वाजवला. मला हसू आवरेना. तोंडात दुपट्टा कोंबला तरी आवरेना. तेवढ्यात आई मटकन खाली बसली. "मंग माहा बापू कुठी हाये रे?" तिनं विचारलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

कामावरचे लोक म्हणतात, महिनाअखेरीस फाटकापासून फरशीचा रस्ता होणार. कोणी बापूची जागा दाखवली तर वळवून नेऊ, नाहीतर सरळ. असो. या वयात, या उन्हात तुम्हाला त्रास द्यायचा माझा मुळीच विचार नाही. आराम करा.

तुमचा भाचा,
देवीदास

ता. क. : सोमवारी सकाळी आठला माझा अंकुर गाडी घेऊन तुमच्या दारात येईल. गुडघ्यांचे पट्टे बांधून तयार राहा. आम्ही सगळे आत जायचो, तेव्हा तुम्ही दरवर्षी फाटकाजवळच्या चाफ्याखालीच हात जोडून उभे राहायचात. आम्ही तुम्हाला आळशी म्हणायचो. काल आई म्हणाली, "किसना बाबासंगं पाणी घालाले जाये. त्याले ठाऊक हाये. माहं मन मोडू नये म्हून बोलला नाही." खरं असेल तर मामा, येऊन फक्त बोट दाखवा. ती आतापासूनच शिऱ्याचा रवा चाळून राहिली आहे.

आणखी एक : सार्जंटाची कबर कोण सांभाळणार, यासाठी तिथल्या वहीत नाव हवं होतं. प्रणालीनं माझं सांगितलं, तर आईनं पेन ओढून घेतला. "त्याची माय समुद्रापल्याड. त्याले इथं कोणं घागर देल्ली असती?" म्हणाली. सही केली, आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, मोठी बहीण.