एकही नाव रिकामे जाऊ नये

सोमवार, २० नोव्हेंबर
प्रथम घटना, घडल्या त्या क्रमाने. शनिवारी माझ्या दहावी ‘ब’मध्ये तिसऱ्या तासाला एक मोबाईल जप्त केला. त्यात जपानी भयकथेची कार्टून मालिका, बारा भाग. वर्गप्रमुख स्वाती म्हणाली, “मॅडम, आपला वर्गबी तसाच शापित हाय.” साऱ्या मुली हसल्या, मागच्या बाकावरच्या तिघी सोडून. त्या का नाही हसल्या? आज विज्ञानाच्या शेख सरांनी तीच मालिका पेन ड्राइव्हवर आणून दिली. “पाहा, पण मले नावं ठेवू नका.” मालिकेला तर ठेवणारच.

मंगळवार, २१
भाग १ ते ३. सुरुवात चांगली, मान्य. डोंगरातली शाळा, एका वर्गावर शाप. हजेरीत नाव पुकारल्यावर उत्तर आले नाही, तर संध्याकाळपर्यंत त्या मुलीला सारे विसरतात. आईसुद्धा तिचे ताट वाढत नाही. म्हणून मैत्रिणी एकमेकींच्या नावाला ओ देतात. भूत नाही, रक्त नाही. इतक्या काटकसरीने भीती उभी करणारा लेखक... असो, पुढचे पाहून ठरवीन.

गुरुवार, २३
भाग ४ ते ९. घसरण. सहाव्यात विनाकारण रक्त. आठव्यात एक मुलगी हजेरी न होताच नाहीशी. म्हणजे स्वतःचाच नियम मोडला. नियम न पाळणारा शाप ही नुसती आरडाओरड. शिवाय इतकी नावे परक्या आवाजात येतात, तरी ती शिक्षिका एकदाही मान वर करत नाही. असे कोणी असते का? शेख सरांना विचारले. डबा खाता खाता म्हणाले, “तुम्ही कुठं करता, मॅडम?”
मी आवाजावरून ओळखते. अठरा वर्षांत चूक नाही, असे त्यांना सांगितले.

शुक्रवार, २४
मान वर केली. “निकिता.” “हजर, मॅडम.” ओठ स्वातीचे हलले. निकिताची जागा रिकामी.
मधल्या सुट्टीत स्वातीला बोलावले. निकिता उंद्रीहून एस.टी.ने येणारी, दिवाळीनंतर आलेलीच नाही. बीटी बियाणे असूनही बोंडअळी पडली. हाती लागेल तेवढा कापूस वेचणे चालू. घरचा सरला की दुसऱ्यांच्या वावरात.
“खोटी हजेरी का दिली?”
“नववीत दोघींची नावं तशीच खाली, बिनउत्तराची गेली, मॅडम. मंग तुम्ही लाल रेघ मारली. त्या कुठं हायत, तुमाले ठाव हाय का?”
नावे नियमाप्रमाणे कमी केली होती. कुठे आहेत, ठाऊक नाही.

शनिवार, २५
भाग १० ते १२. शेवटी काय, तर सारे स्वप्न. शुद्ध आळस. विसरलेल्या मुली कुठे गेल्या, हा एकच प्रश्न विचारण्याजोगा होता. तोच विचारला नाही.
शाळेचे जनरल रजिस्टर काढले. दोघींपुढे ‘सतत गैरहजर’. अक्षर माझे. एकीचा चेहरा आठवला. दुसरीचा अजून...

रविवार, २६
उंद्रीला गेले. निकिता वावरात, कमरेला ओटी बांधून. बोटांना बोंडांचे ओरखडे. मला पाहून ओटीतला कापूस सांडला. आई म्हणाली, “बाई, पंधरा दिवस द्या. मंग धाडतोच तिले.” तेच तिच्याकडून कागदावर लिहून घेतले. निकिताने एवढेच विचारले, “माहं नाव हाय ना, मॅडम?”
आहे, म्हणाले. खरे की खोटे?

सोमवार, २७
मु.अ. म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांना सर्व सांगितले. “लिहिलं ते लिहिलं, मॅडम. खोडाखोड कशाले करता? दुरुस्त केलं तं दिवस कमी भरतात, फॉर्म अडकते. अन् पोरगी आलीच नाही, तं काढून टाकू.” खोटे राहू द्या, नाहीतर नाव काढा. मला दोन्ही अमान्य. दुपारी त्यांच्या टेबलावर ठेवलेल्या पत्राची नक्कल:

“दिवाळीनंतरची कु. निकिता हिची उपस्थिती मी आज माझ्या सहीने दुरुस्त केली आहे. चूक हजेरी घेणारीची आहे, विद्यार्थिनींची नाही. कमी पडणाऱ्या दिवसांसाठी सवलतीचा अर्ज व पालकांचे निवेदन सोबत जोडले आहे. तिचा बोर्डाचा फॉर्म पाठवला जाणार की नाही, आणि नसल्यास कोणत्या नियमाने, हे मला बुधवारपर्यंत लेखी कळवावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.”