सोमूच्या केसचा निकाल

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ऑगस्ट २००४

चि. सोमशेखर यास अक्काचा आशीर्वाद.

काल तुझा फोन आला. सुप्रीम कोर्टानं गुटख्यावरची बंदी रद्द केली, अशी बंदी घालायचा अधिकार राज्याला न्हाय, केंद्राला हाय, म्हणून तुझी केसपण सुटंल, असं वकील म्हणाले. तू हसत होतास. मी नुसतं "बरं झालं" म्हटलं.

बंदी आली तवा गुटखा खाऊन खाऊन तुझ्या दाजींचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. इथं गुटखा मिळंना, तर तू हद्दीपलीकडं कर्नाटकातल्या संकेश्वरहून पिशवी भरून आणायला लागलास. मी हात जोडले, तर म्हणालास, "दाजी मागत्यात, न्हाय कसं म्हणू अक्का?"

मग गेल्या दिवाळीनंतर तुला नाक्यावर पकडलं. सोमू, तुझ्या गाडीचा नंबर पोलिसांना मीच कळवला होता. तू कोठडीत होतास, तवा तुझी बायको शिवांजली माझ्याच गळ्यात पडून रडली. मी तिला जेवू घातलं.

त्यानंतर नऊ महिने दाजींनी पुडी फोडली न्हाय. डॉक्टर म्हणाले, तोंड उघडायला लागलंय. आज सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीत पुड्यांच्या माळा पुन्हा लागल्या. मी दारात आडवी उभी राहिले. ते म्हणाले, "कोर्टानं सोडलंय, तू कोण अडवणार?" मी बाजूला झाले.

रविवारी तू पेढे घेऊन येणार हायस. हे पत्र माझ्याच्यानं पोस्टात टाकवणार न्हाय. तू दिलेला पेढा मात्र मी खाईन.

तुझी,
शांताक्का