गुरुवारचा गट

८ जानेवारी १९५९, गुरुवार
आज इतिहास घडला. परळच्या इस्पितळात दर गुरुवारी पाचला मी मनाने खचलेल्यांचा गट भरवतो. पाच जण आणि मी. गोल बसायचं, ज्याने त्याने मन मोकळं करायचं. राधाबाईंचा मुलगा तीन वर्षांपूर्वी गोळीबारात गेला. तेव्हापासून त्यांनी त्याचं नाव काढलेलं नाही. गटातही नुसतं पदराचं टोक पिळत बसतात. आज मी पाऊण तास ऐकून घेण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. उठताना त्या म्हणाल्या, फुडल्या बेस्तरवारी झिलाबद्दल बोलतलंय. म्हणजे पुढच्या गुरुवारी मुलाबद्दल बोलणार. पद्धत माझी! पुढच्या गुरुवारी काही झालं तरी जायचंच.

१० जानेवारी
दादरच्या मानसोपचार कॉन्फरन्सने माझा पेपर घेतला. विषय : 'गटात खंड नको'. तारीख नेमकी पंधरा, गुरुवार. पण माझी वेळ सकाळी अकराची. दादर-परळ काय लांब आहे? चंपाने विचारलं, आणि उशीर झाला तर? बायकोला कॉन्फरन्सची शिस्त माहीत नाही.

१५ जानेवारी
उद्घाटकांनीच दीड तास खाल्ला. त्यांना संयुक्त महाराष्ट्रावरही बोलायचं होतं. पुढचे वक्तेही लांबले. माझा नंबर लागला साडेचारला. उठून गेलो असतो, पण तो सभेचा अपमान झाला असता. शिपाई आनंदाला पाठवलं : अपरिहार्य कारणामुळे आज गट नाही.
पेपर फक्कड. एक गुरुवार चुकला तरी माणसाचा विश्वास तुटतो, हे टेबलावर मूठ आपटून सांगितलं. राधाबाईंचं उदाहरण दिलं, नाव बदलून. 'अखेर ती बोलली' हे आधीच लिहून ठेवलं होतं. आज बोलणारच होत्या की. प्रश्न कुणीही विचारला नाही. चहा आला होता.

१६ जानेवारी, सकाळी
जरा कसंसंच होतंय. राधाबाई लालबागहून चालत आल्या असतील, तशाच परत गेल्या असतील. निश्चय : पुढच्या गुरुवारी सगळ्यांची माफी मागायची. थोडक्यात.

१९ जानेवारी
गिरगावात गटप्रमुखांसाठी तीन दिवसांचा वर्ग. मंगळ, बुध आणि गुरुवार. विषय : 'ऐकावे कसे'. हा चुकवणं म्हणजे माझ्या गटाचंच नुकसान. चंपा म्हणाली, अहो, ती माणसं वाट बघतील. मी म्हणालो, शिकून गेलेला मी त्यांच्या जास्त उपयोगाचा. तिने भात वाढला. पटलं असावं.

२२ जानेवारी
वर्ग संपला. शेवटी शिकवणाऱ्यांनी आम्हा गटप्रमुखांनाच गोल बसवलं. प्रमुख कोणी नाही म्हणाले. सगळेच एकदम प्रमुख झाले. मी दोघातिघांना गप्प बसवून वातावरण मोकळं केलं. शिकवणारे म्हणाले, एका सभासदाने दुसऱ्या कुणाला बोलूच दिलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शेजारच्याकडे बघितलं.
सर्टिफिकेट मिळालं. ठाकूरद्वारला घरी आलो तरी उलगडून बघितलं नाही. लाज वाटत होती, खोटं कशाला लिहू?

२९ जानेवारी, गुरुवार
लवकर पोचलो, तरी खोलीतून हसण्याचा आवाज. दार लोटलं. पाचही जण गोल बसलेले, माझी खुर्ची भिंतीला. राधाबाई हातवारे करून बोलत होत्या. मला बघून थांबल्या.
गिरणीतला कुशाबा उठून बाहेर आला. म्हणाला, आनंदा निरोप घिऊन आला तवा समदे येऊन बसल्याले. आलोच हाय तर बसू म्हनलं. राधाबाय त्याच दिशी बोलल्या. मागल्या गुरुवारीबी बोलल्या.
काय बोलल्या, मी विचारलं. तो म्हणाला, त्ये आतलं हाय, सायब. गटातलं भाईर न्यायचं न्हाई, तुमीच बजावलंय. मी म्हणालो, अरे, पण मी काय बाहेरचा आहे? तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
राधाबाईंनीच उठून माझी खुर्ची ओढली, कुशाबाच्या शेजारी मांडली. म्हणाल्या, बसा. तुमका काय सांगूचा आसात तर सांगा. आमी आयकतंव.
बसलो. पेपर, सर्टिफिकेट, माफी, सगळं सांगायचं होतं आणि एक शब्द फुटेना. कुणी घाई केली नाही. पाचही जण नुसते थांबले होते. इथे सगळ्यांसमोर आपल्याला रडू येणार, अशी भीती वाटायला लागली.
कुशाबा हळूच म्हणाला, पयल्या येळंला समद्यांचंच हुतंय असं.