पालकाच्या रकान्यात

नाचणगाव,
रविवार, दि. ९ मार्च २०२५

चि. इला हिस,

अनेक आशीर्वाद. हा मायना सवयीने हातातून उतरला. खोडून पुन्हा लिहावा असं वाटलं होतं, पण कागदावर खाडाखोड करणं मला जमत नाही. तेव्हा आशीर्वाद आहेत असं समज.

इकडे सर्व ठीक. हरभरा निघाला, गहू कापणीला आलाय. ऊन होळीच्या आधीच चटके देतंय. शेजारच्या रूपरावांनी शेतातली वांगी आणून दिली, भरीत केलं, तिखट झालं, खाल्लं. माझी तब्येत उत्तम आहे. गुडघा दुखतो, पण तो तू इथे होतीस तेव्हाही दुखायचा, त्याचा दोष तुझ्याकडे नाही.

तुझी सहाही पत्रं मिळाली. उत्तर एकाचंही दिलं नाही, हे पहिलं. तुला मलावीला जाऊन येत्या एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील आणि तुझी आई जाऊन आठ महिने झाले. एवढ्या काळात मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. आई गेल्याचं तुला मी कळवायला हवं होतं, कळवलं रूपरावांनी. तू रडत फोन केलास तेव्हा मी तो त्यांच्या हातात दिला आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथे काही काम नव्हतं.

लोक विचारतात, मुलगी कुठे असते? मी सांगतो, परदेशात, मोठ्या हॉस्पिटलात. तुझ्या पत्रांवरून तर ते सहा खाटांचं आहे आणि पावसाळ्यात तिथली रुग्णवाहिका चिखलात रुतून बसते. पण "तुझं ते" मला कुणासमोर उच्चारता येत नाही. सावंगीला नर्सिंगला ठेवलं तेव्हा वाटलं होतं, फार तर नागपूरपर्यंत जाशील. तू वसतिगृहातल्या मैत्रिणीबरोबर प्रार्थनेला काय गेलीस, तिचा देव काय घेतलास आणि एक दिवस त्यांच्या मिशनबरोबर समुद्रापलीकडे निघालीस.

घरात फार शांतता असते. तुझ्या आईने स्वयंपाकघरातलं घड्याळ साडेतीन तास मागे लावून ठेवलं होतं, तुला आठवत असेल, तूच तिला हिशोब सांगितला होतास. पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आता इला उठली असेल." मी चिडायचो. घरात एकच वेळ असावी असं माझं म्हणणं. परवा त्याचा सेल संपला. नवीन सेल टाकला, काटे फिरवले, आणि खाली उतरून बघतो तर मी ते पुन्हा साडेतीन तास मागेच लावलं होतं. तसंच राहू दिलं. त्या घड्याळापायी वरण दोनदा लागलं.

आता पत्र लिहायचं कारण.

२६ फेब्रुवारीला तुमच्या मिशनच्या ऑफिसातला धीरज नावाचा माणूस मोटारसायकलवर आला. पस्तिशीचा असेल, अदबशीर आहे. चप्पल बाहेर काढली, तुझ्या आईच्या फोटोला नमस्कार केला. म्हणाला, "सर, इलाताईंनी आणखी तीन वर्षं मागितली आहेत. आमच्याकडे नियम आहे, अविवाहित मुलगी असेल तर वडिलांची लेखी संमती लागते. घरचे नाही म्हणाले तर आम्ही लगेच परत बोलावून घेतो. वाद नको आम्हाला. मागच्या वेळी तुम्ही सही दिली म्हणून तर त्या जाऊ शकल्या."

मी म्हणालो, "बघू."

त्याने फाइल उघडली. २०२३ चं संमतीपत्र, खाली सही मा. वि. गिरडकर. सहीखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

तो कागद तू माझ्यापुढे ठेवलास तेव्हा मी काय केलं होतं ते तुला आठवतं. हाताने परत सरकवला आणि म्हणालो, जायचं तर जा, सही मागू नकोस. तू गेलीस. मी समजलो होतो, सहीवाचून चालून गेलं असेल. आणि सहीखाली रेघ मी ओढतो, टिंबं कधीच देत नाही. टिंबं तुझ्या आईची.

मी धीरजला चहा केला. साखर घालायची राहिली. तो बिचारा तसाच प्यायला आणि "सोमवार, दहा तारखेला येतो सर," म्हणून कोरा फॉर्म ठेवून गेला.

माझ्या पुढच्या बारा दिवसांचं मी तुला खरं खरं सांगतो. पहिले दोन दिवस मी तुझ्या आईच्या फोटोकडे बघितलं नाही. बत्तीस वर्षं मुख्याध्यापकी केली, हजेरीपटावर कधी खोटी रेघ मारली नाही, आणि माझ्याच घरात माझी खोटी सही! तिसऱ्या दिवशी वेगळाच विचार आला. "ही सही माझी नाही," एवढं वाक्य फोनवर बोललो की इला पंधरा दिवसांत घरी. त्यात खोटंही काही नाही. मी तुझी खोली झाडली, इला. पलंगावर धुतलेली चादर घातली. जाळीच्या कपाटात तुझा पितळी पेला होता, तो चिंचेने घासला. मला तू घरी हवी आहेस. मी एकटा आहे आणि मला हे सहन होत नाही. लिहिलं बघ.

रूपरावांना सगळं सांगितलं. दुसरं कोण आहे? ते म्हणाले, "मंग करा ना फोन, सर. काऊन थांबून राह्यले?"

मी तुझ्या आईचं नाव घेऊन म्हणालो, "सुधा खोटी ठरेल."

"बाई तं गेल्या. त्याहिले आता कोन इचारते?" मग थोडा वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "पन सर, पोरगी आली अन् तुमच्यासंगं बोललीच नाई तं? मंग काय करसान?"

मला राग आला. मी त्यांना म्हणालो, तुमचा बैल सुटलाय, जा बघा. त्यांच्याकडे तीन वर्षांपासून बैल नाही. ते हसले आणि गेले.

त्या दिवशी तुझी पत्रं पुन्हा काढून बसलो. तिसऱ्या पत्रात तू लिहिलं होतंस, "बाबा, मी इथे तुमच्या परवानगीने आलेली नाही, हे मला माहीत आहे." तेव्हा मला तो टोमणा वाटला होता. आता कळलं की तू सही ओळखली होतीस. ओळखणारच. तिसरीपासून सातवीपर्यंत तुझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तीच सही, तीच दोन टिंबं.

तिथेच तर सगळं सुरू झालं. शाळा माझी, मुख्याध्यापक मी, आणि पालकही मीच. मी अडून बसलो की एका कागदावर एकच माणूस दोन्ही बाजूंनी सही करत नसतो, ते नियमात बसत नाही. तुझी आई म्हणाली, "पालक म्हणून वर तुमचंच नाव लिहिलंय, माझी सही कशी चालेल?" मी म्हणालो, ते तू बघ. तिने बघितलं. दुसऱ्या दिवशी तू पुस्तक आणलंस, पालकाच्या रकान्यात माझं नाव, खाली दोन टिंबं. मी ओळखलं, शेजारच्या रकान्यात मुख्याध्यापक म्हणून सही केली, शिक्का मारला आणि माझा नियम शाबूत राहिला म्हणून समाधानाने जेवलो. पाच वर्षं. माझ्या नावाची खोटी सही तुझ्या आईला मीच शिकवली आणि वर शिक्काही मारून दिला. मिशनच्या कागदावरच्या सहीचं मात्र तुम्हा दोघींनाच ठाऊक होतं, बाहेर मी एकटाच होतो.

तरीही मी फोन केला. गुरुवारी सकाळी, आंघोळ करून, नीट बसून. धीरज म्हणाला, "बोला सर."

मी म्हणालो, "त्या सहीबद्दल बोलायचं होतं."

"हो सर, बोला ना."

वाक्य तयार होतं. समोर ते घड्याळ होतं, त्यात साडेपाच वाजले होते. मला वाटलं, आता इला उठली असेल. मी म्हणालो, "निळं पेन चालेल की काळंच लागतं?"

तो म्हणाला, "कोणतंही चालेल सर. फक्त सही मागच्यासारखी करा. फाइलमध्ये जुळायला पाहिजे."

म्हणजे माझी खरी सही त्यांना चालणार नाही! फोन ठेवून मी मोठ्याने हसलो. मग बराच वेळ रडलो. मग जुन्या वहीचे कोरे कागद घेऊन तुझ्या आईने केलेली माझी सही गिरवायला बसलो. सोपी नाही. ती 'ग' ला जरा वाकवते आणि टिंबं एका दमात देते, टक टक. माझी पहिली तीन पानं वाया गेली. चौथ्या पानावर ती बरोबर उतरली आणि क्षणभर वाटलं, सुधा शेजारीच बसली आहे आणि म्हणते आहे, "आता जमलं."

फॉर्म भरून टेबलावर ठेवला आहे. उद्या धीरज घेऊन जाईल. पण गैरसमज करून घेऊ नकोस. ती संमती तुझ्या आईची आहे, मी फक्त हात दिला. मला तुझं जाणं मान्य नव्हतं, आजही नाही. तुझा देव मला कळत नाही. पण रुतलेली गाडी ढकलायला तू चिखलात उतरतेस, ते मला कळतं. उद्यापासून कुणी विचारलं तर सांगेन, माझी मुलगी ख्रिस्ती मिशनची स्वयंसेविका आहे, मलावीत असते. आज आरशासमोर एकदा म्हणून बघितलं. जमेल.

दर पत्रात लिहितेस की बाबांसाठी रोज प्रार्थना करते. माझ्या गुडघ्यासाठी वगैरे काही मागू नकोस. मागायचंच असेल तर पुढच्या दिवाळीत तुला महिनाभर सुट्टी मिळावी एवढं माग. मीही इथल्या मारुतीला तेच सांगून आलोय. दोन ठिकाणी अर्ज असलेला बरा. आलीस तर मी बोलेन. पहिलं वाक्य कोणतं ते अजून ठरलं नाही.

आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल तू चारदा विचारलं आहेस. ते लिहिता येत नाही मला. तू फोन कर. स्वयंपाकघरातल्या घड्याळात दुपारचा एक वाजला की मी फोनजवळ बसतो, तेव्हा इथे साडेचार झालेले असतात. या वेळी मी उचलेन.

आणखी एक. काल तुझी जुनी प्रगतिपुस्तकं काढून बघितली. मुख्याध्यापक म्हणून माझी सही सगळीकडे आहे. दुसऱ्या रकान्यात एकदाही नाही. ती बाकी इथे करतो. रेघ आहे, टिंबं नाहीत, नीट बघून घे.

पालक,

मा. वि. गिरडकर