बिनतांब्याची तांबी

३ जुलै २००६, अमरावती
आठवीचा वर्ग अर्धा, बाकीच्या मुली दुबार पेरणीला. संस्कृतच्या तासाला ‘नदी’ चालवताना फळ्यावर चकचकीत नागमोडी रेघ. मग अर्धा फळा गायब, मग डोकं ठणकायला लागलं. पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू केल्यापासून तिसऱ्यांदा. वय एक्केचाळीस, पाळणा केव्हाच माळ्यावर, तरी.
“मॅडम, षष्ठी राह्यली.”

९ जुलै, अकोला
डॉ. शबाना, कॉलेजातली मैत्रीण. रेघेचं ऐकून माझं गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. “आजपासून बंद. रेघ दिसते तिले ह्या गोळ्या नसतात. लकवा मारला तं संस्कृत कोन शिकवीन?”
साधी तांबी नको, पाळी आधीच जड, अंगात रक्त कमी. म्हणून हार्मोनची. तिच्यात तांबं नाही, नर्स तरी तांबीच म्हणते. रूढी व्युत्पत्तीला विचारत नाही.
एक अडचण. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग. आमच्याकडे चार दिवस देवघर बंद. सहा महिन्यांचं काय?

१० जुलै
ह्यांना नसबंदी सुचवली. वकील माणूस. तारीख मागितली.

१४ जुलै
सासूबाई वाती वळत होत्या. म्हटलं, अकोल्याला तांबी बसवून घेते.
“कलशाची काय? मुहूर्त पाह्यला का?”
“तशी नव्हे, आई...”
“समजते मले. सात बायतपनं झाली माह्यी. तवा तांबी असती तं तुहा नवरा नसता.”
हे पेपराआड गेले.
डागांचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, धीर झाला नाही.

२२ जुलै, अकोला
पाळीचा तिसरा दिवस. तांबी बसली. कळ आली, शब्दरूपं मनात चालवली, पंचमीपर्यंत झालं. येताना एसटीत उभी.

६ ऑगस्ट
श्रावण, आणि डाग. सासूबाईंना सांगून टाकलं.
“रोज?”
“कधी असतो, कधी नसतो.”
“तू शिकेल हायस. शास्त्रात काय हाय?”
“शास्त्रात हार्मोन नाही, आई.”
“मंग मले इचार करू दे.”
देवघर बंदच. हार आता त्याच करतात, सुईत दोरा जात नाही तरी.

१३ ऑगस्ट
गोळ्या सुटल्यापासून रेघ नाही. डाग आहे.
सकाळी सासूबाई फुलांची परडी देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत गेल्या. ये म्हणाल्या नाहीत. नको असंही नाही.
बाहेरच बसून हार केला, परडीत ठेवला. आतून हात आला, परडी घेऊन गेला. दार मात्र लावलं नाही.