ठिणगीशिवाय चालणारं इंजिन

सणसर, ता. इंदापूर
१२ जानेवारी १९५६

प्रिय बिरू,

तुझं पत्र काल मिळालं. कऱ्हाटीत सगळी खुशाल आहेत, वांग्यांना फूल लागलंय, हे वाचून बरं वाटलं. पण शेवटची ओळ वाचली आणि रात्रभर जागा आहे. त्या ओळीवर लिहायचं तर आधी इथं काय घडलं ते सांगायला हवं. हे पत्र घरात सारजाला तेवढं वाचून दाखव, बाहेर कुणाला नको.

मेंढरं विकून आपण दोघा भावांनी पुण्याच्या लष्करी लिलावातून पाणी उपसायची ही दोन जुळी इंजिनं आणली, एक तुला, एक मला, तेव्हाची गंमत आठवते का? तुला दोरी ओढायची घाई आणि मी तुझा हात धरून ठेवायचो. “दादाची पूजा झाली का?” म्हणून तू मला चिडवायचास. ती पूजा मी अजून एक दिवस चुकवलेली नाही. तेलाची कांडी काढून पुसायची, परत बुडवायची आणि मगच खूण बघायची. पेट्रोल फडक्यातून गाळून घालायचं. हवेच्या तोंडाशी कुंभारमाशीनं चिखलाचं घर केलंय का ते बघायचं, नटबोल्ट चाचपायचे, पंपात पाणी भरायचं. यातलं निम्मं तू टाळतोस हे मला न सांगता कळतं. आणि सगळ्यात शेवटी ठिणगी. सोपान फिटरनं प्लग लोखंडाला टेकवून ठिणगी बघायला शिकवलं होतं, पण भर उन्हात ती दिसते कुठं? म्हणून मी माझी युक्ती काढली. प्लगची वायर काढून तिच्या टोकाला डावी करंगळी लावायची आणि उजव्या हातानं चाक जरासं फिरवायचं. सणकन झटका बसला की समजायचं, इंजिन जितं आहे. तुलाही हे मीच शिकवलं. पहिल्या दिवशी तू बोंबलत बांधावरून खाली पडलास आणि मी पोट धरून हसलो.

दिवाळीनंतर एका सकाळी मला झटका बसला नाही. कोपराजवळ कुठंतरी नस हलल्यासारखी वाटली, बोटात काहीच नाही. म्हटलं, मेलं इंजिन. तरी वायर लावून दोरी ओढली, तर पहिल्या ओढीला सुरू! दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. मी हरखून गेलो. तुझ्या म्हाळसावहिनीनं इंजिनापुढं नारळ फोडला. शेजारच्या गोजरबाईनं तर गावभर केलं, “आबाजीच्या इंजिनात देव आलाय, ठिणगीबिगर चालतंय!” मीही तुला ते मोठ्या ऐटीत लिहून कळवलं. सातवी पास झालेला माणूस मी, पण जे समोर होतं त्याचा जरासुद्धा विचार केला नाही.

मागच्या आठवड्यात सोपान बारामतीहून मुद्दाम हा चमत्कार बघायला आला. मी वायर त्याच्या हातात दिली आणि चाक फिरवलं. तो ओरडून दोन हात मागं उडाला. “आबाजीराव, ठिणगी न्हाय म्हंता व्हय? दात वाजलं की माजं!” मला वाटलं, नाटक करतोय. मग त्यानं मला करंगळी लावायला सांगितली आणि चाक स्वतः फिरवलं. मी त्याच्याकडं बघतोय, तो माझ्याकडं बघतोय. त्यानं पुन्हा फिरवलं, पुन्हा फिरवलं. माझा हात तसाच. तेव्हा त्याचं तोंड उतरलं. इंजिनाला काही झालेलं नाही, एवढंच बोलला आणि ठेवलेला चहा न घेता निघून गेला.

बिरू, त्या कपाकडं बघत मी किती वेळ बसलो ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा आणि कुठं टोचतंय ते सांगा. मी डोळे मिटून बसलो. मनगटाला टोचलं ते सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, डॉक्टर दुसरं काही करतायत. डोळे उघडले तर सुई माझ्या करंगळीत उभी होती. कोपराच्या मागं फिकट चट्टाही निघाला. महारोग आहे, बिरू. डॉक्टरांनी मात्र आवाज चढवून सांगितलं की आता गोळ्या निघाल्यात, बरीच वर्षं घ्याव्या लागतील, पण वेळेत आलात, हात वाचेल.

वेळेत न आलेला माणूस आपण दोघांनी पाहिलाय. आपला भिमातात्या! तो चिलमीसाठी उघड्या बोटांनी निखारा उचलायचा आणि आपण टाळ्या वाजवायचो. तात्याला आग लागत नाही म्हणून आपल्याला केवढा अभिमान! त्याची बोटं पुढं वाकडी झाली, झडली, तेव्हा सगळे थंडीला बोल लावत राहिले. मेंढरांच्या वाड्यावर रात्री तू आणि मी त्याच्याच घोंगडीत त्याच्या दोन कुशींना झोपायचो. मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, “भाऊ कुठं असतो?”

घरी येऊन म्हाळसाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती लांब सरकेल. तिनं जागची न हलता हात पुढं केला, “माजंबी बोट बगा टोचून.” मी सुई लावली मात्र, “हळू की! जीव घेता का काय?” म्हणून तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. पोरांनाही टोचलं, सगळी एका सुरात रडली. त्यांचं रडणं ऐकून मला रडू कोसळलं. इतक्या सुखानं मी कधी रडलो नव्हतो.

आणि काल तुझं पत्र आलं. शेवटची ओळ मी वीसदा वाचली, “दादा, तुझ्याच इंजिनाचं कौतुक नको, आता माझंही ठिणगीशिवाय चालतंय.” तुझा लहानपणापासूनचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी एक बोर पाडलं की तू दोन पाडल्याचं सांगायचास, खिसा रिकामा असला तरी. हेही तसंच असेल, असं मी रात्रभर स्वतःला समजावतोय. आता वायरीला बोट लावू नकोस. डोळे मिट आणि सारजाला तुझ्या करंगळीत सुई टोचायला सांग, दोन्ही हातांच्या. लागली नाही, तर घाबरू नकोस आणि कुणाला सांगत बसू नकोस. येत्या गुरुवारी बारामतीच्या एसटी स्टँडवर ये, मी सकाळपासून उभा असेन, आपण दोघं बरोबर जाऊ. आणि थट्टा केली असशील तर आजच्या आज कार्ड टाक, त्यावर फक्त ‘थट्टा’ एवढंच लिही. मी जन्मात पुन्हा तुझ्या थट्टेवर रागावणार नाही.

तुझ्या कार्डाची वाट बघणारा,
तुझाच
आबाजीदादा